गावगाड्यातील व्यंगवाचक नावे : पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यात लहानपणी पोलिओने पाय अधू झालेल्या माणसाचे खरे नाव बहुधा मतदार यादीत आणि सातबाऱ्यावरच उरते. पानठेल्यावर त्याचे घर विचारले, की ‘लंगड्याचं का? मारोतीच्या देवळामांगं हाय’ असे उत्तर मिळते आणि सांगणाऱ्याच्या मनात आकस असतोच असे नाही. थोटा, चकणा, तोतरा, बहिरा ही नावेही अशीच चिकटतात. एखाद्या धडधाकट माणसाच्या हातून चूक झाली, तर ‘आंधळा हायेस का?’ असे त्याला खडसावले जाते. त्या वेळी ज्याला खरोखरच दिसत नाही तो पारावर शेजारी बसलेला असला, तरी बोलणाऱ्याची जीभ अडखळत नाही.

व्यंग हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळ मानले, की त्यावरून बोल लावणे अन्यायाचे वाटेनासे होते. कुष्ठरोगाच्या बाबतीत तर कायदाच तिरस्काराच्या बाजूने उभा राहिला. १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून वेगळे ठेवण्याची मुभा दिली होती. तो २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण तर २०१९ पर्यंत कायम होते. अमरावतीचे तपोवन आणि बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेले आनंदवन ही कुष्ठरुग्णांची आश्रयस्थाने याच प्रदेशात असूनही, आणि औषधाने हा रोग पूर्ण बरा होत असूनही, ‘महारोगी’ हा शब्द भांडणात फेकला जातोच.

आदर येथे नव्हताच असे म्हणता येणार नाही, पण तो अपवादात्मक माणसाच्याच वाट्याला आला. बालपणीच दृष्टी गेलेल्या, १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या संत गुलाबराव महाराजांना लोकांनी ‘प्रज्ञाचक्षू’, म्हणजे बुद्धीच्या डोळ्यांनी पाहणारा, म्हटले. त्याच जिल्ह्यातला दृष्टिहीन मजूर मात्र ‘आंधळ्या’च राहिला. म्हणूनच २०१५ नंतर सरकारी कागदांत रुळलेल्या ‘दिव्यांग’ या गौरवाच्या शब्दाने पारावरची भाषा फारशी बदलली नाही, याचे नवल वाटत नाही.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपमानासाठी शिक्षाच नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ ने ती आणली : लोकांच्या देखत, मानहानीच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीचा अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावास आणि दंड. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांबाबतच्या निकालात दिव्यांगांना हिणवणारा विनोद आणि त्यांचे जगणे समजून घेणारा विनोद यांत स्पष्ट फरक केला.

सवयीने मारलेली हाक मात्र हेतूच्या या कसोटीतून सहज निसटते. हेतू नसला तरी ती हाक ऐकणाऱ्याला बोचतेच. म्हणूनच, केवळ हेतू नव्हता म्हणून ती क्षम्य ठरते, हे मला मान्य नाही. शिवाय तक्रार करायची, तर ज्याच्या दुचाकीवर मागे बसून तालुक्याचे ठाणे गाठायचे, तोच अनेकदा त्या नावाने हाक मारणारा असतो.