जलसंजीवनी आणि तिच्या नावावर विकलेलं गोड पाणी

मुलगी अकरा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. सकाळपासून चार-पाच वेळा पातळ शी झाली होती. संध्याकाळी नवरा कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, घेऊन आला. पुडी नव्हती, स्ट्रॉ लावलेलं संत्र्याच्या चवीचं खोकं होतं. ‘हे ओआरएसच आहे, मुलं आवडीनं पितात,’ असं मेडिकलवाल्यानं सांगितलं होतं. आवडीनं प्यायली हे खरंच. रात्रीत आणखी सहा लंगोट बदलावे लागले.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, ‘पाणी कसलं दिलंत?’ खोकं सोबत नेलं होतं. त्यांनी ते उलटं करून बारीक इंग्रजी अक्षरांतली एक ओळ दाखवली. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस नाही, असं तिथं लिहिलेलं होतं. पुढच्या बाजूला मात्र तीच तीन अक्षरं ठळक छापलेली.

खरी जलसंजीवनी चार चिजांची असते. एका लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. सगळं मिळून साडेवीस ग्रॅम. यातलं ग्लुकोज ताकदीसाठी घातलेलं नाही, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. जुलाबात आतड्यातून पाणी आणि क्षार वाहून जातात, पण आतड्याच्या अस्तरातली एक वाट बहुधा शाबूत राहते. या वाटेनं मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. साखर इथे मिठाचा हात धरून त्याला आत नेते, एवढंच तिचं काम. म्हणून दोघांचं प्रमाण बेतलेलं असतं. ग्रॅममध्ये आकडे वेगळे दिसले तरी रसायनशास्त्राच्या मापात लिटरला सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल.

आता खोक्याकडे या. आमच्या खोक्यावर १०० मिलीला दहा ग्रॅमहून जास्त साखर लिहिली होती, म्हणजे लिटरला शंभर ग्रॅमच्या वर. जलसंजीवनीच्या सात-आठ पट. मीठ मात्र बेताचं. इतकं गोड पाणी आतड्यात उतरलं की ती साखर उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते. पेय प्यायल्यावर शी आणखी पातळ होते ती यामुळे. आई म्हणते, ‘पाणी तर पाजतेय, तरी थांबत का नाही?’ कसं थांबणार! फळांचा डबाबंद रस, कोल्ड्रिंक आणि नुसती ग्लुकोज पावडर हीसुद्धा याच गोतावळ्यातली. नारळपाणी एवढं वाईट नाही, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, म्हणून ते जलसंजीवनीची जागा घेऊ शकत नाही.

चवीवरूनही फरक कळतो. नीट कालवलेली जलसंजीवनी जेमतेम गोड आणि थोडी खारट लागते, डोळ्यांतल्या पाण्यासारखी. सरबतासारखी गोड लागली तर ती जलसंजीवनी नव्हे. बाळ तोंड वाकडं करतं म्हणून वरून चमचाभर साखर घालायचा मोह होतो. आमच्या सासूबाईंनी तेही करून पाहिलं.

हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष नावाच्या या गोंधळाविरुद्ध कित्येक वर्षं लढत होत्या. खाली खुलासा छापायचा आणि वर नावात ओआरएस वापरायचं, अशी मुभा कंपन्यांना मिळाली होती. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं ती काढून घेतली. आदेश चांगलाच आहे. तरी नाव बदललेलं तेच पेय दुकानात शेजारच्या फळीवर असू शकतं आणि ‘ओआरएस द्या’ म्हटल्यावर हातात तेच पडू शकतं. ‘जलसंजीवनीची पुडी द्या, पाण्यात कालवायची’ असं स्पष्ट मागा आणि मागच्या बाजूचे चार आकडे वाचा. आशाताईंकडे, अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात पुडी फुकट मिळते. तिच्यावर संत्र्याचं चित्र नसतं म्हणून ती हलकी समजू नका. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची, म्हणजे कॉलराची, साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं. रोग्यांच्या नातेवाइकांनीच ते पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं.

पुडीतही एक फसगत आहे. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलीची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर मीठ धोकादायक पातळीवर जातं. अर्धी आज, अर्धी उद्या असंही करू नका, अंदाज चुकतो. पुडी पूर्ण ओतायची, पाणी उकळून गार केलेलं घ्यायचं, आणि चोवीस तासांत संपलं नाही तर फेकायचं.

पाजायचं चमच्यानं, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. ओकलं तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली. अंगावरचं दूध अजिबात तोडायचं नाही. सहा महिन्यांवरच्या बाळाला मऊ भात, वरण, पेज चालू ठेवायची. डॉक्टर सोबत चौदा दिवस झिंक देतात, जुलाब दोन दिवसांत थांबले तरी तेही पूर्ण करायचं.

पुडी मिळेपर्यंत घरचं चालतं: एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. इथे मात्र हात जरा सैल सुटला की बिघडतं, म्हणून चमचा सपाट करूनच मोजा.

बाळ मलूल पडलं, टाळू किंवा डोळे खोल गेले, सहा तासांत शू झाली नाही, शीत रक्त दिसलं, किंवा ते पाणी पिईनासं झालं, तर घरी चमचा घेऊन बसू नका, तडक दवाखाना गाठा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला तर पहिल्याच दिवशी दाखवा. आणि जाताना, जे काही पाजलंय त्याचं पाकीट सोबत घ्या.