शॅम्पूच्या बाटलीत सिलिकॉन कसे आले

दुकानात शॅम्पूच्या फळीवर ‘सिलिकॉन-फ्री’ असे ठळक छापलेल्या बाटल्या दिसतात, आणि त्याच फळीवर थोडे पुढे केस मऊसूत करणारी सीरम्स असतात, ज्यांत सिलिकॉनशिवाय फारसे काही नसते. दोन्ही खपतात. घेणाऱ्याला मात्र कळत नाही की हा घटक टाळायचा की मुद्दाम घ्यायचा. सिलिकॉन हे एका पदार्थाचे नाव नाही, ते एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. त्यातला कोणता सदस्य केव्हा आणि कोणती अडचण सोडवायला केसांपर्यंत आला, हे पाहिले की बराचसा गोंधळ निवळतो.

सुरुवातीशी केसांचा काहीच संबंध नव्हता. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग या रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभापासून सिलिकॉन मूलद्रव्याला कार्बनी गट जोडून संयुगे तयार केली आणि त्यात आयुष्य घालवले. प्रयोगात वारंवार हाती येणारे चिकट, डिंकासारखे पदार्थ, म्हणजे आपण आज सिलिकॉन म्हणतो तेच, त्याच्या दृष्टीने अडथळाच होते. रॉयल सोसायटीच्या १९३६ च्या बेकेरियन व्याख्यानातही या शाखेच्या भवितव्याबद्दल त्याचा सूर निराशेचाच होता. त्याच सुमारास अमेरिकेत कॉर्निंग या काचेच्या कंपनीत जेम्स फ्रँकलिन हाइड काचतंतूंचे विद्युत-आवरण उष्णतेत टिकावे म्हणून याच चिकट पदार्थांकडे वळला होता. १० मे १९४० रोजी जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोखोने तांब्याच्या उत्प्रेरकासह तापलेल्या सिलिकॉन मूलद्रव्यावरून मिथाइल क्लोराइड वायू सोडला आणि मिथाइल सिलिकॉनचा कच्चा माल थेट मिळवला. जर्मनीत रिचर्ड म्युलर स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला. आजही जगातले बहुतेक सगळे सिलिकॉन याच म्युलर-रोखो प्रक्रियेतून निघते. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या डाउ कॉर्निंगचे पहिले उत्पादन होते लढाऊ विमानांच्या इंजिनांतल्या ज्वलन-तारांसाठी लागणारे ग्रीस. उंचावर गेल्यावर तिथे ओल शिरायची आणि इंजिन दगा द्यायचे. युद्ध संपल्यावर हा पाणी झटकणारा, उष्णतेला न जुमानणारा, वास नसलेला पदार्थ आणखी कुठे वापरता येईल याचा शोध सुरू झाला, आणि १९५० च्या दशकात तो हातांच्या क्रीममध्ये व हेअरस्प्रेमध्ये आला.

केसांशी त्याचे इतके जमते कसे, हे रेणूच्या रचनेत आहे. सर्वांत साधे सिलिकॉन म्हणजे डायमेथिकोन. त्यात सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि ऑक्सिजन यांची लांब साखळी असते आणि बाजूंना मिथाइल गट. ही साखळी अतिशय लवचीक असते, आणि तिचा पृष्ठताण जेमतेम २१ मिलिन्यूटन प्रति मीटर. पाण्याचा ७२. त्यामुळे ते कशावरही पातळ पसरते. निरोगी केसाच्या बाहेरच्या खवल्यांवर जन्मजात स्निग्ध पदार्थाचा एक पातळ थर असतो. ब्लीच, रंग आणि सरळ करण्याची रसायने हा थर काढून टाकतात. मग पृष्ठभाग पाणी ओढू लागतो, त्याच्यावरचा ऋणभार वाढतो, केस केसावर घासतो आणि कंगवा अडकतो. डायमेथिकोन त्या गेलेल्या थराच्या जागी घसरडेपणा आणून देते. ते केस दुरुस्त करत नाही. केसाचा दांडा मृत असल्यामुळे ते त्याचा श्वासही कोंडत नाही, कारण केस श्वास घेतच नाही. हा दुसरा गैरसमज मला पहिल्याइतकाच तापदायक वाटतो.

आता मूळ अडचणीकडे येऊ. १९३४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने ड्रीन हा कृत्रिम डिटर्जंटवर आधारलेला शॅम्पू आणला. साबणाने केस धुतले की जड पाण्यात पांढरा थर बसतो. ड्रीनने तो बसत नव्हता. पण त्याने तेलही इतके निघायचे की केस राठ व्हायचे. त्यावर उपाय म्हणून क्रीम रिन्स आले. त्यात धनभारित पदार्थ असायचे, कापड मऊ करण्याच्या उद्योगातून उचललेले, उदाहरणार्थ स्टिअरल्कोनियम क्लोराइड. केसावर ऋणभार असल्याने ते आपोआप चिकटायचे. म्हणजे धुणे आणि मऊ करणे या दोन बाटल्या झाल्या, आणि त्या एकत्र करता येईनात. शॅम्पूतले फेस करणारे घटक ऋणभारित, कंडिशनरमधले घटक धनभारित. एकाच बाटलीत घातले की ते एकमेकांनाच धरतात. फेस मरतो आणि केसाला काहीच मिळत नाही.

डायमेथिकोनवर भार नाही, त्यामुळे हे भांडण त्याच्यापुरते मिटते. पण त्याच्या स्वतःच्या तीन खोडी आहेत. पाण्यात ते विरघळत नाही. घनता पाण्यापेक्षा किंचित कमी असल्याने बाटली उभी राहिली की थेंब वर चढून थर धरतात. आणि ते फेस मारते. कारखान्यांत फेस दाबायला सिलिकॉन मुद्दाम घालतात. १९८० च्या दशकात प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या संशोधकांनी या तिन्ही खोडींवर मात केली. त्याची पेटंट्स १९८८ मध्ये निघाली. एका मार्गात झँथन गमने द्रव असा घट्ट केला की थेंब जागेवरून हलेनात. दुसऱ्यात एथिलीन ग्लायकॉल डायस्टिअरेटचे सूक्ष्म स्फटिक द्रवभर पसरवून त्यांच्या जाळ्यात थेंब अडकवले. शॅम्पूला जी मोतिया झळाळी दिसते, ती याच स्फटिकांची. ती केवळ शोभा आहे असे अनेकांना वाटते, पण ती सिलिकॉनला धरून ठेवण्याचे कामही करते. मला या सगळ्या इतिहासातला हाच भाग सर्वांत आवडतो.

थेंब बाटलीत थांबला तरी तो केसावर बसणार कसा? धुतले की पाण्याबरोबर वाहून जायला हवा. इथे धनभारित बहुवारिके (पॉलिमर) उपयोगी पडतात, आणि त्यांतले एक फार वापरले जाणारे गवारीच्या बियांच्या डिंकापासून बनते. जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. शॅम्पू घट्ट असेपर्यंत हा डिंक फेस करणाऱ्या घटकांशी मिळून विरघळलेला राहतो. डोक्यावर पाणी ओतले, मिश्रण पातळ झाले, की ही जोडी द्रावणातून बाहेर पडून साका बनते, आणि पडता पडता सिलिकॉनचे थेंब सोबत ओढून केसावर बसवते. म्हणजे कंडिशनिंग घडते धुवून टाकतानाच. शॅम्पूत डायमेथिकोन साधारण एक ते तीन टक्के असते. त्यातला थोडासा केसावर राहिला तरी कंगवा सहज फिरतो.

१९८७ मध्ये अमेरिकेत पर्ट प्लस या नावाने हा टू-इन-वन शॅम्पू बाजारात आला. युरोपात तो विडाल सॅसून वॉश अँड गो झाला, आशियात रिजॉइस. १९९० च्या आसपास तैवानमध्ये पॅन्टीन प्रो-व्ही आला, आणि हेच तंत्र व्हिटॅमिनच्या गोष्टीत गुंडाळून जगभर गेले. बाटलीवर पॅन्थेनॉलची, म्हणजे एका व्हिटॅमिनच्या रूपाची, जाहिरात असली तरी कंगव्याला जाणवणारा मऊपणा मुख्यतः सिलिकॉनचा होता. भारतात पॅन्टीन १९९० च्या दशकाच्या मध्यावर आला आणि इथल्या शॅम्पूंची जुनी गणिते बदलू लागली.

सीरमची वाट वेगळी. त्यात पाणी नसते, थेंब टिकवायची धडपड नसते. डायमेथिकोनॉल हे खूप लांब साखळीचे सिलिकॉन सायक्लोपेंटासिलोक्सेन, म्हणजेच डी५, या वलयाकार आणि उडून जाणाऱ्या सिलिकॉनमध्ये विरघळवले की झाले. डी५ हातावरून केसांवर पसरायला मदत करते आणि उडते. मागे लांब साखळीचा पातळ थर उरतो. प्रकाश त्यावरून एकसारखा परततो, म्हणून चमक. भारतात हे घराघरांत नेले ते प्रामुख्याने लिव्हॉनने. अहमदाबादच्या पारस फार्मास्युटिकल्सचा हा ब्रँड आधी रेकिटकडे आणि २०१२ मध्ये मुंबईच्या मॅरिकोकडे आला.

मॅरिकोचे नाव इथे आणखी एका कारणाने घ्यावे लागते. याच कंपनीतल्या आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये कॉस्मेटिक सायन्सच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातून धुतले जाणारे प्रथिन फक्त खोबरेल तेलाने लक्षणीय कमी झाले, कारण त्यातले लॉरिक आम्ल असलेले रेणू लहान व सरळ असल्याने केसाच्या आत शिरतात. कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे लक्षात ठेवावे, तरी निष्कर्ष रसायनशास्त्राला धरून आहे. सिलिकॉन आत शिरत नाही, बाहेर घर्षण कमी करते. ‘तेल की सीरम’ ही घरोघरची वादावादी म्हणूनच मला फोल वाटते. दोघांची कामे निराळी आहेत.

नकोसेपणाही हळूहळू आला. १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्तन-रोपणातल्या सिलिकॉन जेलवर कठोर निर्बंध घातले. शॅम्पूशी त्याचा संबंध नसला तरी नाव बदनाम झाले. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या केशरचनाकार लोरेन मॅसी यांनी कुरळ्या केसांसाठी सल्फेट (शॅम्पूतले जोरदार फेस करणारे घटक) आणि सिलिकॉन दोन्ही वर्ज्य करणारी पद्धत मांडली. तिच्यामागे एक तर्क आहे. सल्फेट वर्ज्य केले की विरघळत नसलेले सिलिकॉन काढायला जोरदार काही उरत नाही आणि थरावर थर चढतात. मात्र सल्फेटचा शॅम्पू वापरणाऱ्याला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, ही बाब प्रसारात हरवली. अमोडायमेथिकोनसारखे धनभारित सिलिकॉन खराब झालेल्या भागालाच अधिक धरते आणि निघायलाही चिवट असते. उलट पीईजी-१२ डायमेथिकोन पाण्यातच विरघळते. बारीक, पातळ केसांना थर जड होतो, दाट व रंगवलेल्या केसांना तोच हवा असतो.

कायद्याने घातलेले निर्बंध मात्र केसांच्या भल्यासाठी नाहीत, आणि ते प्रामुख्याने वलयाकार सिलिकॉनवर आहेत. डी५ हवेत गेले की काही दिवसांत विघटित होते, पण पाण्याबरोबर वाहून गाळात गेले की टिकते आणि जलचरांच्या शरीरात साठते. २०१८ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरात शास्त्रज्ञांना हवेतले डी५ सकाळच्या गर्दीच्या वेळी वाढलेले आढळले. लोक तयार होऊन घराबाहेर पडतात ती ही वेळ, आणि त्या वेळच्या उत्सर्जनाचे प्रमाण वाहनांतून निघणाऱ्या बेंझीनच्या बरोबरीचे होते. कॅनडात २०११ मध्ये एका तज्ज्ञ मंडळाने डी५ पर्यावरणाला धोकादायक नसल्याचा निर्वाळा दिला. युरोपीय संघाने वेगळा निर्णय घेतला. धुऊन टाकायच्या उत्पादनांत डी५ आणि त्याचेच वलयाकार भावंड डी४ यांचे प्रमाण ३१ जानेवारी २०२० नंतर ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. २०२४ च्या नियमाने डी६ हे आणखी एक वलयाकार सिलिकॉनही यादीत आले, आणि केसांत राहणाऱ्या उत्पादनांनाही ६ जून २०२७ नंतर तीच मर्यादा लागू होईल. माझ्या मते युरोपचा निर्णय योग्य आहे. गाळात टिकणारी वस्तू एकदा सोडली की परत उचलता येत नाही.

त्यामुळे सीरम बनवणाऱ्यांपुढे प्रश्न आहे तो डी५ च्या जागी काय घालायचे हा. आयसोडोडेकेन आणि खोबरेल व पामगरी तेलांच्या मेदाम्लांपासून काढलेले अनडेकेन-ट्रायडेकेनचे मिश्रण हे पर्याय रुळू लागले आहेत. दोन्ही उडतात आणि पसरतात, पण डी५ चा कोरडा, मखमली स्पर्श एकट्या पर्यायाने येत नाही. म्हणून दोन-तीन घटक मिसळावे लागतात. शिवाय साध्या डायमेथिकोनमध्येही डी४-डी५ चे अंश राहतात, त्यामुळे कच्चा मालही तपासून घ्यावा लागतो. युरोपला माल पाठवणाऱ्या मुंबईतल्या किंवा वापीतल्या उत्पादकाला एकाच बाजारासाठी वेगळा फॉर्म्युला ठेवायचा की सगळीकडे नवाच चालवायचा, हे ठरवायला फार वेळ नाही, कारण नव्या मिश्रणाच्या स्थिरतेच्या चाचण्यांनाच अनेक महिने लागतात.