नॅशनॅलिटी मिळणं (फुटबॉल मॅनेजर गेम्स)

फुटबॉल मॅनेजर टाइपच्या (म्हणजे आपण क्लबचा मॅनेजर होऊन टीम चालवायची अशा) गेममधे परदेशी खेळाडू एकाच देशात ठरलेली वर्षं राहिला की त्याच्या प्रोफाइलवर दुसरा झेंडा येतो, त्याला नॅशनॅलिटी मिळणं म्हणतात. फॉर्म नाही, पोलीस व्हेरिफिकेशन नाही, काही नाही, नुसते दिवस मोजले जातात. किती दिवस बाकी आहेत ते गेममधे बघता येतं आणि मोजणी संपली की एके दिवशी इनबॉक्समधे बातमी येऊन पडते, बस. पहिली नॅशनॅलिटी जात नाही, दुसरी तिच्या शेजारी येऊन बसते. आख्ख्या देशाचे पासपोर्ट जिथे छापतात ती इंडिया सिक्युरिटी प्रेस नाशिकरोडला आहे, तेव्हा आम्हा नाशिककरांना हे असं बसल्या बसल्या पासपोर्ट मिळणं जरा विचित्रच वाटतं.

किती वर्षं लागणार ते देशावर असतं. गेमच्या एडिटरमधे (गेमची माहिती बघायचं, बदलायचं टूल) प्रत्येक देशाला हा आकडा दिलेला असतो आणि तो साधारण त्या देशाच्या खऱ्या कायद्यावरून घेतलेला असतो. स्पेन सगळ्यात मजेशीर. तिथला कायदा म्हणतो दहा वर्षं राहा, पण लॅटिन अमेरिका, पोर्तुगाल, फिलिपिन्स वगैरेंच्या लोकांना दोनच वर्षं. म्हणून रियल माद्रिद किंवा बार्सिलोनाचा सेव्ह (त्या क्लबचा मॅनेजर होऊन सुरू केलेला गेम) खेळणारे अठरा वर्षांची ब्राझिलियन, अर्जेंटिनाची पोरं गोळा करतात, कारण वीस-एकविसाव्या वर्षी ती स्पॅनिश होऊन बसतात. खऱ्यातही हेच चालतं, ब्राझीलचा व्हिनिशियस २०१८ ला माद्रिदला आला आणि २०२२ मधे स्पॅनिश नागरिक झाला. फक्त खऱ्या दुनियेत अर्ज, शपथ, काही देशात भाषेची परीक्षासुद्धा असते. २०२० मधे उरुग्वेच्या लुईस सुआरेझने इटलीत पेरुजाला इटालियनची परीक्षा दिली आणि पुढे त्या परीक्षेचीच चौकशी लागली. गेममधल्या सुआरेझला एवढा ताप नसतो.

आता ह्या झेंड्याचं करायचं काय? तर स्लॉट, म्हणजे परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागा. युरोपियन कोर्टाच्या १९९५ च्या बॉसमन निकालानंतर युरोपियन युनियनमधल्या (ईयू) खेळाडूंवरची संख्येची मर्यादा गेली, पण बाहेरच्यांवरची राहिली. स्पेनच्या ला लिगात मॅचच्या टीममधे नॉन-ईयू जागा तीनच, इटलीत बाहेरून नवीन आणायलाच कोटा. म्हणजे तुमच्याकडे चार भारी ब्राझिलियन असतील तर एकाला बाहेर बसवा नाहीतर विका, आणि त्यातल्या एकाला स्पॅनिश पासपोर्ट मिळाला की चौघंही खेळवायला तुम्ही मोकळे. माझ्या मते मोठ्या क्लबच्या सेव्हमधे शंभर कोटीच्या ट्रान्सफरपेक्षा हा एक मेसेज जास्त आनंद देतो.

इंग्लंडचं गणित वेगळं होतं आणि जुन्या गेमर्सच्या तोंडी अजून बेल्जियम बेल्जियम असतं ते त्यामुळेच. ब्रेक्झिटच्या आधी ईयू पासपोर्ट असला की इंग्लंडला वर्क परमिटच लागायचं नाही, आणि बेल्जियममधे २००० च्या कायद्याने तीनच वर्षांत नागरिकत्वाची वाट उघडली होती (पुढे तो कायदा कडक झाला). मग आफ्रिकेतला किंवा साउथ अमेरिकेतला वंडरकिड (कोवळ्या वयातला भारी खेळाडू) घ्यायचा, बेल्जियमच्या फीडर क्लबला (आपल्याशी करार असलेल्या छोट्या क्लबला) लोनवर म्हणजे उसना ठेवायचा, पिकला की परत आणायचा, अगदी आढीत आंबे घातल्यासारखं. गेममधे बोर्डाकडे खास वर्क परमिटसाठी फीडर क्लब मागायची सोय पण असते. हे काय गेमवाल्यांनी हवेतून काढलेलं नाही, मँचेस्टर युनायटेडचं अँटवर्पशी आणि आर्सेनलचं बेव्हरेनशी असंच नातं होतं. आमच्या कॉलेज रोडच्या ग्रुपमधे एकाने नायजेरियाचा स्ट्रायकर असाच तीन सीझन सांभाळला आणि पैसे कमी पडले म्हणून पासपोर्टला वीस-पंचवीस दिवस राहिले असताना विकून टाकला, अजून मिसळ खायला बसलो की तो विषय निघतोच. पण १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडला ब्रेक्झिटचा पॉइंट्सवाला नियम लागला, ईयू पासपोर्टचा तिथे उपयोग संपला, त्यामुळे नव्या व्हर्जनमधे ही युक्ती इंग्लिश क्लबला चालत नाही. ज्यांच्याकडे जुनं व्हर्जन आहे त्यांनी खुशाल करावी.

नवीन लोक एक गल्लत हमखास करतात, होमग्रोन (म्हणजे तिथेच तयार झालेला खेळाडू) आणि नॅशनॅलिटी एकच समजतात. होमग्रोनचा पासपोर्टशी संबंध नाही. १५ ते २१ वयात तीन सीझन किंवा छत्तीस महिने त्या क्लबमधे किंवा त्या देशात रजिस्टर असला की झालं, मग तो जपानचा असो की घानाचा. सोळाव्या वर्षी घेतलेला पोरगा दोन्ही मिळवतो, पंचविशीत घेतलेला फक्त पासपोर्ट.

नॅशनल टीमचं अजून वेगळं. क्लबसाठी झेंडा आला तरी तो त्या देशाकडून खेळेलच असं नाही, तिथे फिफाचे नियम. आई-बाप, आजी-आजोबा किंवा जन्म ह्यातलं काहीच त्या देशातलं नसेल तर पाच वर्षं तिथे राहिलेला पाहिजे (दहा वर्षांचा व्हायच्या आत आला असेल तर तीन), २००८ च्या आधी हे दोनच होतं. आधीच्या देशाकडून सिनियर लेव्हलची सिरियस मॅच खेळला की पूर्वी कायमचा अडकायचा. २०२० मधे थोडं सैल केलं, वय २१ व्हायच्या आत जास्तीत जास्त तीन मॅच, त्याही वर्ल्ड कप किंवा युरोसारख्या मुख्य स्पर्धेतल्या नकोत, आणि मधे तीन वर्षांचं अंतर. मुनीर एल हद्दादी स्पेनकडून काही मिनिटं खेळला होता, त्याला मोरोक्कोकडे जायला हा नियम बदलेपर्यंत थांबावं लागलं.

आणि आपल्याकडे? भारतात दोन पासपोर्ट चालतच नाहीत, इथे झेंडा वाढत नाही तर बदलतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असून उपयोग नाही, टीमसाठी भारतीय पासपोर्टच लागतो, म्हणून यान धांडासारखे भारतीय वंशाचे पण ब्रिटिश पासपोर्टवाले खेळाडू बाहेरच राहिले. पुणे एफसीच्या इझुमी अराताने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मधे इंडियाकडून खेळला, बेंगळुरूच्या रायन विल्यम्सने २०२५ मधे ऑस्ट्रेलियाचं सोडलं. दोघांची पासपोर्टची पुस्तकं नाशिकरोडलाच छापलेली, हे आम्ही येता जाता सांगतो. दोघांचीही मुळं इथली होती म्हणा, नातं नसलेल्या परदेशी माणसाला इथे साधारण बारा वर्षं काढावी लागतात, आणि आयएसएलमधे (इंडियन सुपर लीग) येणारे बरेच परदेशी तिशीच्या आसपास येतात, तेव्हा मोजणी संपायच्या कितीतरी आधी ते रिटायर होऊन कोचिंगला लागलेले असतात.