रोप उपटून दुसरीकडे लावलं तर? एका विद्याशाखेची पार्श्वभूमी

वनस्पतींच्या समूहांचं परिस्थितिविज्ञान आणि उत्क्रांती हा विषय आज बऱ्याच विद्यापीठांत एकत्र शिकवतात. पण हे दोन भाग एका वर्गात यायला जवळपास शंभर वर्षं गेली. कोणती झाडं कुठे वाढतात ते बघणारे एकीकडे, वारसा कसा चालतो ते बघणारे दुसरीकडे.

खरं तर डार्विनच्या हातात दोन्ही टोकं होती. त्यानं ३ फूट बाय २ फूट जमीन खणून साफ केली आणि उगवलेलं एकेक तण मोजलं. ३५७ रोपं आली, त्यांतली २९५ मेली, बहुतेक गोगलगायी आणि किड्यांमुळे. १८५९च्या ग्रंथातला हा मजकूर वाचताना वाटतं की विषयाचा पहिला धडा इथेच लिहून झाला होता. पण तो पुढे गिरवला कुणी नाही.

मधल्या काळात वाद रंगला तो वेगळ्याच प्रश्नावर. डोंगरमाथ्यावरचं रोप खुजं असतं ते तिथल्या थंडीवाऱ्यामुळे, की त्याचं बीच तसं असतं म्हणून? फ्रान्समधल्या गॅस्तों बॉनिए यांनी सखल भागातली रोपं आल्प्समध्ये नेऊन लावली आणि ती पर्वतावरच्या जातींसारखी झाली असं सांगितलं. अमेरिकेत क्लेमेंट्स यांचाही असाच दावा होता. पुढच्यांना ते पुन्हा करून दाखवता आलं नाही.

स्वीडनच्या ट्युरेसन यांनी प्रयोग उलटा केला. समुद्रकाठची, वाळूच्या टेकड्यांवरची, आतल्या रानातली एकाच जातीची रोपं त्यांनी एका बागेत, एका मातीत शेजारी शेजारी लावली. परिस्थिती सारखी झाली तरी बरेचसे फरक तसेच राहिले, म्हणजे ते वारशानं आलेले होते. अशा स्थानिक वाणांना त्यांनी १९२२ मध्ये ‘इकोटाइप’ हे नाव दिलं.

मग कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हिसी या त्रिकुटानं हाच प्रश्न फार देखण्या रीतीनं सोडवला. त्यांनी एकाच रोपाचे तुकडे करून ते तीन बागांत लावले: स्टॅनफर्डला सुमारे ३० मीटर उंचीवर, मॅथरला १,४०० मीटरवर आणि टिंबरलाइनला ३,००० मीटरच्या थोडं वर. तिन्ही तुकड्यांचं बी एकच, त्यामुळे त्यांच्यात जो फरक दिसेल तो जागेचा. आणि एकाच बागेत वेगवेगळ्या उंचीवरून आणलेल्या रोपांत जो फरक दिसेल तो वारशाचा. किनाऱ्याकडची रोपं वरच्या हिवाळ्यात तग धरत नसत. वरची रोपं खाली उबेत आणली तरी बुटकीच राहत आणि हिवाळ्यात झोपी जात. या मालिकेतला पहिला मोठा अहवाल १९४० साली निघाला. त्याच्या आलेखांवर डोकं खाजवल्याशिवाय आजही या विषयाचा विद्यार्थी पुढे जात नाही.

एवढं झालं तरी उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम, ही समजूत शिल्लक होती. तिला धक्का बसला वेल्समध्ये, बँगोरच्या कृषी वनस्पतिशास्त्र विभागात. ब्रॅडशॉ यांना जुन्या खाणींच्या राडारोड्यावर ॲग्रॉस्टिस नावाचं साधं गवत उगवलेलं दिसलं. त्या मातीत शिसं आणि जस्त इतकं होतं की शेजारच्या कुरणातल्या त्याच गवताची मुळं तिथे वाढेनात. १९५२ मध्ये त्यांनी हे छापलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे तांब्याच्या खाणीची हद्द मीटर-मीटरनं तपासली. वाऱ्यानं पराग इकडून तिकडे जात असतानाही काही पावलांत गवताचा स्वभाव बदलत होता. खाणीवरचं गवत तर कुरणातल्या गवताच्या थोडं आधीच फुलायचं. खाणी माणसानं खणलेल्या, म्हणजे हा सगळा बदल मानवी इतिहासाच्या मापात बसणारा.

त्याच विभागात १९६० मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हार्पर आले आणि त्यांनी डार्विनसारखी एकेक रोप मोजण्याची रीत परत आणली. ही मोजणी दिसते तितकी सोपी नाही. धावत्या खोडांनी पसरलेली वेल एक झाड की पन्नास? हार्पर दोन्ही मोजायला सांगत: एका बीजातून आलेला सगळा पसारा वेगळा आणि त्याचे सुटे भाग वेगळे. १९७७ मधला त्यांचा जाडजूड ग्रंथ अनेक ठिकाणी पाठ्यपुस्तकच झाला.

रेणूंचं तंत्र त्यानंतर आलं, आधी प्रथिनांचं, मग डीएनएचं. २००० साली अरॅबिडॉप्सिस या तणाचा जनुकसंच वाचून झाला. वनस्पतींत तो पहिलाच. या यंत्रांचा गाजावाजा जास्त असतो, पण जनुकातला फरक रोपाच्या उपयोगी पडतो का हे पाहायला अजूनही रोप उचलून दुसऱ्या वाफ्यात लावावंच लागतं.

हार्पर यांचा आणखी एक हट्ट होता: जमिनीखाली निजलेलं बीही समूहातच धरायचं. मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी १८७९ मध्ये तणांच्या बियांच्या २० बाटल्या पुरल्या होत्या. २०२१ मध्ये उकरलेल्या बाटलीतलं काही बी रुजलं. आता चार बाटल्या उरल्यात आणि शेवटची २१०० साली उघडायची आहे.