रेणूंच्या धातूत चुंबकत्व नेमके कोणाचे?

देवणी नाहीतर लाल कंधारी गुरांच्या गोठित रेतमात्रा ज्या द्रवनत्राच्या पात्रात ठेवतात, त्याचे तापमान ७७ केल्विन. मराठवाड्यात तालुक्याच्या गावी याहून थंड जागा सहसा बघायला मिळत नाही. या टिपणाचा विषय वीज वाहणाऱ्या सेंद्रिय स्फटिकांतला चुंबकीय क्रम, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या स्पिनांची (त्यांच्या इवल्या चुंबकांची) ठरावीक मांडणी. तो मात्र त्याच्याही बऱ्याच खाली, द्रव हेलियमच्या प्रदेशात येतो. आपल्याकडच्या एमएस्सीच्या वर्गात हा विषय बहुधा फळ्यावरच राहतो तो त्यामुळेच.

सुरुवात चुंबकत्वापासून झाली नव्हती. १९५४ मध्ये जपानमध्ये पेरिलीन आणि ब्रोमीनचे वीज वाहणारे संयुग मिळाले. ते टिकाऊ नव्हते. १९७३ साली टीटीएफ-टीसीएनक्यू हा खराखुरा सेंद्रिय धातू हाती आला, पण ५४ केल्विनला त्याचा निरोधक होऊ लागतो. तिथे रेणूंच्या रांगाच ठरावीक अंतराने सरकतात आणि इलेक्ट्रॉनांची वाट बंद होते. चुंबकीय क्रमाचा संबंध नाही.

तो सापडला रसायनशास्त्रज्ञ बेखगार्ड यांच्या क्षारांत. टीएमटीएसएफ या सेंद्रिय रेणूचा हेक्साफ्लुओरोफॉस्फेट क्षार १२ केल्विनला निरोधक होतो, पण रांगा तशा सरकत नाहीत. स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी चुंबकीय क्षेत्रात धरला, तर एकाच अक्षावर चुंबकीय ग्रहणशीलता (क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) घसरते. ही प्रतिलोहचुंबकाची, म्हणजे शेजारचे स्पिन उलटसुलट असण्याची, खूण: वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्याच स्पिनांची लाट थिजलेली असते. १२ किलोबार दाब दिला की ती नाहीशी होते आणि ०.९ केल्विनला अतिवाहकता येते, म्हणजे रोध शून्य होतो. हे १९७९-८० चे काम, जेरोम आणि बेखगार्ड यांचे. (दिशेनुसार ग्रहणशीलता मोजण्याची शिस्त आपल्या देशात जुनी. के. एस. कृष्णन यांनी १९३० च्या दशकात कलकत्त्याला क्वार्ट्झच्या तंतूला सेंद्रिय स्फटिक टांगून, तंतूला पीळ देऊन ती मोजली. आजची टॉर्क पद्धत त्याच कुळातली.)

टीएमटीएसएफच्याच परक्लोरेट क्षाराची गंमत आणखी वेगळी. २४ केल्विनला त्याचे आयन आळीपाळीने तोंड फिरवून बसतात, आणि त्यांना वेळ लागतो. तिथून मिनिटाला एक दशांश केल्विन अशा सावकाश चालीने उतरले, तर १.२ केल्विनच्या आसपास अतिवाहकता. झटक्यात गार केले, तर आयन वेडेवाकडे अडकतात आणि ६ केल्विनच्या आसपास चुंबकीय क्रम. स्फटिक तोच. थंड करण्याचा वेग न लिहिलेली नोंदवही इथे रद्दीत घालावी.

नव्वदच्या दशकात अकिको आणि हायाओ कोबायाशी यांच्या गटाने बीईटीएस या सेंद्रिय रेणूंच्या थरांमध्ये लोहाचे आयन बसवले. प्रत्येकावर पाच एकटे इलेक्ट्रॉन. लॅम्डा रूपातला (रूप म्हणजे रेणूंच्या रचणीची तऱ्हा) लोहक्लोराइड क्षार ८.३ केल्विनला प्रतिलोहचुंबकीय निरोधक होतो. लोहाऐवजी गॅलियम घातले, तर तोच सांगाडा ६ केल्विनच्या आसपास अतिवाहक. मग क्रम लोहाचाच, असे बहुतेकांनी धरले. २००९ मधल्या विशिष्ट उष्म्याच्या मोजणीने उलटे दाखवले: क्रम थरांतल्या इलेक्ट्रॉनांचा आहे, लोह ८.३ केल्विनखालीही अनुचुंबकीयच (स्वतःचा क्रम नसलेले) आहे आणि सुमारे ४ टेस्लाच्या अंतर्गत क्षेत्राने त्याच्या ऊर्जापातळ्या फुटल्या आहेत. २००१ साली याच क्षारात १७ टेस्लाच्या वर, क्षेत्र थरांना समांतर असताना, अतिवाहकता दिसली होती. लोह इलेक्ट्रॉनांवर उलटे क्षेत्र लावते, बाहेरचे ते पुसते. साधारण ३३ टेस्लाला हिशेब पुरा जुळतो. ही कल्पना जाकारिनो आणि पीटर यांनी १९६२ मध्येच मांडली होती.

या क्षारांचे स्फटिक वाढवायचे ते इंग्रजी एच आकाराच्या काचपात्रात: क्लोरोबेन्झीनमध्ये थोडे इथेनॉल, प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड, साधारण एक मायक्रोअँपिअर प्रवाह आणि काही आठवडे धक्का न लावता ठेवणे. प्रवाह वाढवला की बारीक, गुंतलेले केस मिळतात. लॅम्डाच्या सुयांबरोबर कॅपा रूपाच्या चकत्याही निघतात. त्यांचा क्रम अर्ध्या केल्विनच्या आसपास, म्हणून निवडताना सूक्ष्मदर्शक हवाच.

रोध मोजायच्या जोडणीला १० मायक्रॉनची सोन्याची तार आणि कार्बन पेस्ट. तार ताणून बसवली, तर थंड होताना स्फटिक तडकतो: रोधात अचानक पायरी येते आणि परत तापवल्यावरही ती जात नाही. दाबाच्या कुपीत आणखी एक फसगत: थंड होताना तेल आकसते आणि खोलीच्या तापमानाला भरलेल्या दाबातले दीड-दोन किलोबार कमी होतात, तेव्हा आकृतीवर दाब थंड झाल्यावरचाच मांडावा. ०.१ केल्विनखाली प्रवाह निम्मा करून पाहावा. रोध बदलला, तर नमुना तापमापकापेक्षा गरम आहे.