पावसाचा अंदाज गावाजवळ कसा आला

‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ असे हवामान विभाग सांगतो तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द मोजून वापरलेला असतो. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जिल्ह्यातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर चौथ्या हिश्श्यावर, ‘जोरदार’ म्हणजे चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर, आणि हे चोवीस तास मध्यरात्री नव्हे, तर सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशीच्या साडेआठला संपतात. म्हणून आपल्या शिवारात थेंबही पडला नाही, एवढ्यावरून अंदाज चुकला असे ठरत नाही; तो केवढ्या क्षेत्रासाठी दिला होता हे आधी पाहावे लागते. हे क्षेत्र आज आहे तेवढे लहान व्हायला जवळपास दीडशे वर्षे गेली आहेत.

1864 मध्ये कोलकात्याला चक्रीवादळाचा तडाखा बसला, 1866 आणि 1871 मध्ये मान्सूनने दगा दिला, आणि 1875 मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. कुलाबा वेधशाळेतील हवामानाच्या नोंदी त्याहूनही जुन्या, 1841 पासूनच्या आहेत. विभाग स्थापन झाल्याच्या पुढच्याच वर्षी, 1876 मध्ये, दख्खनवर दुष्काळाची मोठी आपत्ती कोसळली आणि पावसाचा अदमास आधी बांधता येईल का, हा प्रश्न सरकारला टाळता येईनासा झाला. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयात बर्फ जास्त साचले की मान्सून कमकुवत होतो, असा संबंध मांडला आणि 1886 पासून हंगामी अंदाज नियमित दिला जाऊ लागला. 1904 मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाचे हेलकावे त्यांना या शोधातच उमगले. साऱ्या देशाला एकच आकडा लागू पडत नाही हे ओळखून त्यांनी अंदाजासाठी देशाचे तीन भाग पाडले. क्षेत्र लहान करण्याच्या दिशेने टाकलेले हे पहिले मोठे पाऊल मला वॉकर यांच्या इतर कामाइतकेच मोलाचे वाटते.

1928 मध्ये विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. ते 1944 मध्ये दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरची ती दगडी इमारत आणि तिच्यासमोरचा चौक पुणेकरांच्या तोंडी आजही ‘सिमला ऑफिस’च आहे. 1988 मध्ये वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांवर आधारलेले प्रारूप आले आणि अनेक वर्षे ते सर्वांच्या परिचयाचे होते. परंतु 2002 मध्ये सरासरीच्या 101 टक्के पाऊस सांगितला असताना प्रत्यक्षात 81 टक्केच पडला. जुन्या वर्षांच्या आकड्यांवरून नव्या वर्षाचा पाऊस काढण्याची मर्यादा त्या दुष्काळाने उघड केली.

रोजच्या अंदाजाची वाट तोवर बदलू लागली होती. नव्या पद्धतीत वातावरणाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील दाब, तापमान, वारा आणि बाष्प यांची आत्ताची स्थिती महासंगणकाला दिली जाते आणि पुढे काय घडेल हे भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी काढले जाते. ही स्थिती कळावी म्हणून हवामान केंद्रांवरून पहाटे हायड्रोजन भरलेला फुगा सोडतात; त्याला टांगलेले छोटे यंत्र वर जाता जाता एकेका थराचे तापमान आणि दमटपणा रेडिओने खाली कळवत राहते आणि अखेर फुगा फुटतो. चौकोन जितका मोठा, तितके स्थानिक बारकावे त्यात बुडतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण घाट उतरून वाईला आले की तो हजाराच्या आत येतो. हे दोन्ही एकाच चौकोनात पडले तर येणारा सरासरी आकडा दोन्हीकडच्या शेतकऱ्याला निरुपयोगी. मे 2025 मध्ये हा चौकोन बारा किलोमीटरवरून सहा किलोमीटरवर आला.

सहा किलोमीटरही कधी कधी जास्तच ठरतात. 27 जुलै 2005 च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73. अशा ढगांचा माग काही तास आधी घ्यायचा तर डॉप्लर रडार हवे, आणि ते मुंबईला या घटनेनंतर मिळाले.

जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला 2008 पासून सुरू झाला. तो मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि ‘मेघदूत’ ॲपवर मराठीतही वाचता येतो. 2017 पासून ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यात महसूल मंडळाच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. पूर्वी तालुक्याच्या गावी काचेच्या मापाने मोजलेला पाऊस आसपासच्या गावांनाही लागू धरला जाई. आता मंडळाची स्वतःची नोंद असते, आणि आपल्या भागासाठी सांगितलेला पाऊस खरोखर किती पडला हे ताडून पाहायला गावकऱ्याला तीच सर्वांत जवळची आहे.