बोट थांबवायला शिकताना

मुरुड-जंजिऱ्यापासून नकाशावर पश्चिमेकडे सरळ रेघ ओढत जा. अरबी समुद्र, अरबस्तान, सहारा आणि अख्खा अटलांटिक ओलांडून ती कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांपाशी पोचते. दोन्ही ठिकाणं १८ ते १९ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान आहेत. माथ्यावरचं ऊन सारखं, किनाऱ्यावरच्या माडांची सावलीही सारखी. वारा मात्र पूर्ण वेगळा.

आपल्या कोकण किनाऱ्यावर वारा दिवसात दोनदा दिशा बदलतो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा येतो. शिडांच्या काळात होड्या पहिल्याच्या आधाराने बाहेर पडत आणि दुसऱ्याच्या आधाराने घरी येत. जूनमध्ये तर सगळंच उलटतं. नैर्ऋत्येचा मोसमी वारा सुरू झाला की नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वाळूवर ओढून ठेवायच्या. ब्रिटिश व्हर्जिन बेटांतल्या टॉर्टोलावर असं काही नाही. तिथे बारा महिने वारा पूर्वेच्या बाजूने येतो, साधारण १० ते २० नॉट वेगाने, म्हणजे ताशी १८ ते ३७ किलोमीटर. डिसेंबर-जानेवारीत तो आणखी जोर धरतो.

हे शाळेच्या भूगोलातले व्यापारी वारे. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, ३० अंशांच्या आसपास खाली उतरते आणि पृष्ठभागावरून परत विषुववृत्ताकडे निघते. पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते आणि ईशान्य-पूर्वेकडून येते. सूर्याच्या उष्णतेशी या वाऱ्यांचा संबंध एडमंड हॅले यांनी १६८६ मध्ये मांडला. पृथ्वीच्या फिरण्याचा दुवा १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली यांनी जोडला. हाच पट्टा आपल्या माथ्यावरूनही जातो. पण उन्हाळ्यात आशियाची प्रचंड जमीन तापते आणि इथला वारा चक्क उलटा फिरवते. अटलांटिकमध्ये त्या अक्षांशावर हजारो किलोमीटर नुसतं पाणी आहे, वाऱ्याला अडवणारं कोणी नाही.

एवढा भरवशाचा वारा मिळाला म्हणूनच भाड्याच्या बोटींचा व्यवसाय इथे रुजला. १९६९ मध्ये चार्ली आणि जिनी केरी या जोडप्याने टॉर्टोलात सहा बोटींवर ‘द मूरिंग्ज’ सुरू केली. कल्पना साधी होती: खलाशी नाही, कप्तान नाही, नुसती बोट भाड्याने द्यायची. याला बेअरबोट म्हणतात. घेणाऱ्यातल्या एकाने कप्तान व्हायचं, आपल्या भाषेत तांडेल. ग्रीस किंवा क्रोएशियात त्यासाठी प्रमाणपत्र दाखवावं लागतं. इथे मुख्यतः अनुभवाची लेखी माहिती मागतात: कुठली बोट, किती लांबीची, किती दिवस आणि कुठे चालवली.

बेटांची मांडणीही शिकाऊ माणसाच्या बाजूची आहे. लहानमोठी साठेक बेटं आणि खडक, ढोबळमानाने दोन रांगांत. मधल्या सर फ्रान्सिस ड्रेक खाडीत अटलांटिकच्या लाटा फारशा शिरत नाहीत आणि पुढचं बेट जवळजवळ नेहमी समोर दिसतं. हिमयुगात समुद्राची पातळी शंभराहून अधिक मीटर खाली होती, तेव्हा यांतली बहुतेक बेटं एकाच जमिनीचा भाग होती. आज आपण ज्यांच्यामधून शीड उभारून जातो ते बुडालेल्या पठारावरचे डोंगरमाथे आहेत.

आता शिडाबद्दल. बोट वाऱ्याच्या तोंडात थेट जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंश बाजूला राहून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे तिरपे टप्पे घेत वर चढावं लागतं. त्यामुळे वाऱ्याकडे १० सागरी मैल जायला १४ मैल पाणी कापावं लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्तच. शीड इथे विमानाच्या पंखासारखं काम करतं आणि बोटीच्या तळाखालचं कीलचं जड पातं तिला बाजूला घसरू देत नाही. एवढं पहिल्या दोन दिवसांत कळतं. ज्यात नवखा माणूस फसतो ती गोष्ट वेगळी आहे.

समजा खरा वारा १५ नॉट आहे आणि बोट वारा पाठीशी घेऊन ६ नॉटने चालली आहे. डेकवर उभ्या माणसाला वारा लागतो फक्त ९ नॉट. ऊन छान वाटतं, कोणीतरी चहा टाकतो, समुद्र गरीब वाटतो. मग बेटाला वळसा घालून तीच बोट वाऱ्याकडे ४५ अंशांवर वळवली की तोच वारा जवळपास २० नॉट लागतो. शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे तो पावणेपाच पटींच्या घरात गेला. बोट कलंडते, खालच्या फडताळातली भांडी खळाखळा पडतात, आणि हवामानात काहीच बदललेलं नसतं. म्हणून शीड लहान करायचं ते वळण्याआधी. याला रीफ करणं म्हणतात. ‘करावं का?’ हा प्रश्न मनात आला, की करायची वेळ झाली असं माझे शिक्षक सांगत. मला तो अतिसावधपणा वाटायचा. आता वाटत नाही.

आपल्याकडे शिकलेल्यांनी आणखी एक गोष्ट गाठीला बांधावी. भारतात समुद्राकडून बंदरात शिरताना लाल बोया, म्हणजे वाट दाखवणारी तरंगती खूण, डाव्या हाताला ठेवतात. अमेरिका खंड आणि कॅरिबियनमध्ये लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा. जगात बोयांच्या दोन पद्धती आहेत आणि इथे दुसरी चालते. थकलेल्या संध्याकाळी डोकं जुन्या सवयीनेच चालतं, तेव्हा ही चूक बोट थेट खडकावर नेते.

खोली नकाशात असते, यंत्रावर दिसते, पण प्रवाळाजवळ सगळ्यात उपयोगी पडतात ते डोळे. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं, निळा खोलवर जातो. म्हणून खोल पाणी गडद निळं. उथळ वाळूवरून प्रकाश परततो, ते पाणी फिकट हिरवट-निळं. तपकिरी, ठिपकेदार दिसलं तर प्रवाळ. गडद हिरवट डाग म्हणजे बहुधा समुद्री गवत. सूर्य डोक्यावर आणि पाठीशी असेल तरच हे रंग वाचता येतात. ऊन समोरून तिरपं आलं की पाण्याचा आरसा होतो आणि आतलं काही दिसत नाही. ही चकाकी बरीचशी आडवी ध्रुवीकृत असते, म्हणून पोलराइज्ड चष्मा घातला की एकदम पडदा बाजूला केल्यासारखा तळ दिसू लागतो. बऱ्याच कंपन्या अंधारात बोट चालवायला मनाई करतात, त्यामागे हेच आहे. सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी बोट थांबलेली हवी.

अनेगाडा बेटापाशी या डोळ्यांची खरी परीक्षा होते. बाकीची मोठी बेटं ज्वालामुखीची आणि उंच. अनेगाडा चुनखडीचं, सपाट, जेमतेम साडेआठ मीटर उंच. नावाचा अर्थच ‘बुडालेली’. पृथ्वीच्या वक्रतेचा हिशोब केला तर डेकवर उभ्या माणसाला ते १६-१७ किलोमीटरवर आल्याशिवाय दिसणार नाही, आणि शेजारच्या व्हर्जिन गोर्डा बेटापासून ते सुमारे २४ किलोमीटरवर आहे. म्हणजे निघताना समोर रिकामं क्षितिज. मग आधी माडांचे शेंडे पाण्यावर उगवतात, जमीन बरीच नंतर. भोवती पसरलेल्या ‘हॉर्सशू रीफ’ या प्रवाळरांगेवर शतकानुशतकं जहाजं फुटत आली आहेत.

पण माझ्या मते तांडेलाची खरी पारख चालवण्यात नाही, थांबवण्यात आहे.

चाळीस फुटी बोटीचं वजन आठ-दहा टन. तिला रात्रभर धरून ठेवायला वीस-पंचवीस किलोंचा नांगर. वजनाने तो धरूच शकत नाही. तो वाळूत रुततो, आणि ओढ जवळपास आडवी असेल तरच रुतलेला राहतो. म्हणून साखळी किती सोडली याला एवढं महत्त्व. पाणी ५ मीटर, त्यावर बोटीच्या पुढच्या टोकाची उंची दीड मीटर, एकूण साडेसहा. त्याच्या पाचपट साखळी सोडली तर साडेबत्तीस मीटर. ती ताणून सरळ झाली तरी तळाशी कोन साडेअकरा अंशांचाच होतो. सातपट सोडली तर आठ अंश. आळस करून तिप्पटच सोडली तर साडेएकोणीस, आणि वाऱ्याच्या झोतात नांगर उपसून निघतो. मुंबईत या हिशोबात भरतीचे चार-साडेचार मीटरही धरावे लागतील. इथे भरती-ओहोटीचा फरक वीतभरच.

साखळीच्या वजनामुळे ती पाण्यात झोळ धरते आणि धक्के सोसते, असं पहिल्या दिवशी शिकवतात. ते खरं आहे, पण मंद वाऱ्यात. वारा वाढला की झोळ जवळजवळ नाहीसा होतो. तेव्हा कामी येते फक्त लांबी.

कूपर बेटाजवळच्या मॅन्चिनील उपसागरात मी हे शिकलो. तिथे तळाला गवत जास्त. साखळी भरपूर सोडली, इंजिन उलट्या दिशेने चालवून ओढून पाहिलं, बोट हलली नाही. दिवस मावळत होता, म्हणून पाण्यात उतरून नांगर पाहिला नाही. रात्री दोनच्या सुमारास डोंगराच्या खिंडीतून झोत आला आणि साखळीतून घरघर ऐकू आली, कोणीतरी फरशीवरून पाटा ओढावा तशी. किनाऱ्यावरचे दोन दिवे संध्याकाळी एका रेषेत धरले होते, ते एकमेकांपासून हाताच्या बोटाएवढे सरकले होते, म्हणजे बोट जागची हलली होती. इंजिन चालू करून पहाटेपर्यंत आम्ही आळीपाळीने सुकाणूवर बसलो.

उजाडल्यावर मास्क लावून उतरलो. नांगर गवतात रुतलेलाच नव्हता, मुळांच्या गुंत्यात नुसता अडकला होता. त्याच्या टोकाला उपटलेल्या टर्टल ग्रासची जुडी आणि मागे वाळूत उघडा पडलेला चर. हे गवत सावकाश वाढतं, असा ओरखडा भरायला वर्षं लागतात, आणि हिरवी कासवं त्यावरच चरतात. माझी झोप गेली त्यापेक्षा तो चर मला जास्त लागला. तेव्हापासून बोट बांधून ठेवायचा बोया मिळत असेल तर तोच घेतो. नांगर टाकायचाच तर फिकट वाळूचा मोकळा पट्टा दिसेपर्यंत फिरतो, मग सोबतची मंडळी भुकेने कुरकुरली तरी चालेल.

पुढचा मुक्काम तशा वाळूवर केला. चार मीटर पाणी. उजेड असतानाच उतरून पाहिलं: नांगराचं पातं पूर्ण गडप, दांड्याचा फक्त वरचा वीतभर भाग बाहेर, आणि साखळी वाळूवर पसरलेली. वरून झोत आला की तिच्या चार-पाच कड्या हळूच उचलल्या जात आणि पुन्हा वाळूवर टेकत. त्या रात्रीही वारा वाढला. उठून बाहेर आलो. धक्क्यावरचा दिवा आणि त्यामागच्या घराचा दिवा, दोन्ही अजून एकावर एक होते.